बॉनेटवरची पाच बोटं

"थांब रे, आधी भेटू दे," असं म्हणून काका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर उजव्या हाताची पाच बोटं टेकवायचे. डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे आणि मगच दार उघडायचे. सिंगापुरातल्या टॅम्पिनीस भागात आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, नव्याने आलेल्या कुणालाही वाटायचं, म्हातारा इंजिन गरम आहे का बघतोय. मलाही तेच वाटलं होतं.

काका मूळचे दादरचे, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनियर. तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांच्या दोन जुन्या स्पोर्ट्स गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत. एक लाल इटालियन, एक पांढरी जर्मन. सिंगापुरात असल्या गाड्या वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येतात. बाकीचे दिवस काका त्यांची तुलना करण्यात घालवत. तुम्ही नुसतं "छान आहे हो" म्हटलंत, की तुमचा शनिवार गेलाच म्हणून समजा.

"लालचा आवाज ऐक. गाणं आहे गाणं! पण पाऊस पडला की रुसते. पांढरी? चावी फिरव, चालू. सुटे भाग आजही मिळतात. विकत घ्यावी पांढरी, जीव लावावा लालला."

त्यांचा स्वतःचा जीव कुठे होता, हे सांगायला नकोच.

काकू दसऱ्याला दोन्ही गाड्यांची पूजा करत. झेंडू, कापराची आरती, चाकाखाली लिंबू आणि बॉनेटवर ओल्या कुंकवाची पाच बोटं. लाल गाडीवर कुंकू दिसायचंच नाही. एका वर्षी पांढरीवरचं पुसायचं राहिलं आणि इथल्या दमट उकाड्यात ते रंगात मुरलं. "मूळ रंग होता तो! अक्कल आहे का?" काका ओरडले. डाग काही गेले नाहीत. पुढच्या दसऱ्याला काकू नव्हत्या.

त्यानंतर तळघरात उतरलं की काका कुणाशी तरी बोलताना ऐकू यायचे. जवळ जावं तर एकटेच. एकदा मला बघून म्हणाले, "तुलाही कापराचा वास येतोय ना?" येत होता. मी मान हलवली.

मग कॉन्डोने एका घराला एकच गाडी असा नियम काढला. एक विकणं भाग होतं. लाल राहणार, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. जुन्या गाड्या जमवणारा एक स्थानिक गृहस्थ आला. पांढरीभोवती फिरला, खूश झाला आणि बॉनेटपाशी अडला.

"अंकल, आय टेक धिस वन. बट बॉनेट मस्ट रीपेंट लाह," तो इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला.

काकांनी डागांवर बोटं टेकवली. डाग त्यांच्या बोटांखाली पूर्ण झाकले गेले. काकूंचा हात लहान होता.

"नॉट फॉर सेल," ते म्हणाले. "टेक द रेड."

लाल गाडी गात गात उतार चढून गेली. काकांनी वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाले, "तिच्यावर आमच्या हिचं काहीच उरलेलं नाही रे."

काका गेले. त्यांच्या भाच्याने पांढरी विकली. पुढे जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात मला ती दिसली, नंबरवरून ओळखली. बॉनेट चकचकीत, कोरं. "आधी भेटू दे," असं पुटपुटत मी पाच बोटं टेकवली.

"अंकल, डोंट टच लाह!" पहारेकरी ओरडला.

मी हात काढला. घामाचे पाच ठसे उमटले होते. बघता बघता तेही वाळून गेले.