मावशीच्या अंगठ्याआधी

फाल्गुन सरत आला, की फुलचूरच्या माझ्या दवाखान्यात गावाकडून येणाऱ्यांच्या कपड्यांना मोहफुलांचा गोडसर, किंचित आंबूस वास असतो. त्या वासाने मला दोघीजणी आठवतात: माझी आई आणि केशोरीकडची एक रुग्ण, जिला मी मावशी म्हणायचो.

आई पहाटे मोहाखाली उकिडवी बसायची आणि टोपली भरेपर्यंत तशीच पुढे सरकत राहायची. तिच्यामागे मीही सरकायचो. वाळल्या पानांवर फूल पडल्याचा तो हलका आवाज मला अजून ऐकू येतो.

मावशी आली ती माघात. उजवा गुडघा पार झिजला होता. सांधा बदलायचे ठरले. संमतीपत्र मी तिच्या मुलाला हिंदीतून वाचून दाखवले, कारण ते छापलेलेच तसे होते. भूल, संसर्ग, रक्ताची गुठळी, सारे धोके सांगितले. आमच्याकडे रीतच तशी होती: ऐकायचे मुलाने, अंगठा आईने द्यायचा. अंगठ्याला शाई लावून घेताना तिने हळूच विचारले,

"मोहफूल वेचाले बसता येईन ना जी?"

मला उत्तर ठाऊक होते. या सांध्यावर उकिडवे बसायचे नसते. पण बाहेर रुग्ण ताटकळले होते आणि 'नाही' म्हटले तर ती उठून जाईल, अशी धास्तीही होती. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही छान चालाल." ती हसली. मुलाने कागद पुढे सरकवला.

ती खरोखरच छान चालू लागली. वैशाखात तपासणीला आली तेव्हा हातात काठीही नव्हती. आई आता बाजारापर्यंत पायी जाते, असे मुलगा कौतुकाने सांगत होता. ती मात्र खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे पाहत होती.

"चालाले पाय देल्ला तुम्ही, बसाले नाही. काऊन नाही सांगतलं?"

मुलगा तिला गप्प करू लागला. मी त्याला थांबवले आणि ठाऊक असूनही सांगितले नाही, हे कबूल केले. खरे ऐकून तुम्ही शस्त्रक्रिया टाळाल असे वाटले, म्हणालो.

"टाळली नसती," ती म्हणाली. "एवढा एक मोह वेचून मंग आली असती."

आता तपासणीच्या खोलीत चटई अंथरलेली असते. कागद काढण्याआधी मी रुग्णालाच विचारतो, कामाला कसे बसता ते दाखवा. नातेवाईक मध्ये बोलू लागले, तर त्यांना बाहेर थांबायला सांगतो. मागच्या ज्येष्ठात एका बाईने सारे ऐकून घेतले आणि भाताची रोवणी आटोपून येते म्हणाली. मी तिच्या कार्डावर तसेच लिहिले. कोरे संमतीपत्र कपाटात परत ठेवताना बरे वाटले. पण मावशीचा तो हंगाम मला कुठून परत आणता येणार होता?