शोरूममधले बाबा
आमचा जुना प्लाझ्मा टीव्ही तापला की मागच्या जाळीतून भाजक्या धुळीचा वास येतो आणि मला दिल्लीच्या करोल बागेतली ती दुपार आठवते. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. गुरुग्रामच्या नव्या फ्लॅटमध्ये हा जडशीळ, वीज खाणारा टीव्ही नको, असं नवऱ्याचं म्हणणं होतं, म्हणून आईलाही घेऊन आम्ही तिथल्या टीव्हीच्या शोरूममध्ये गेलो. आत एसीचा गारठा होता आणि भिंतभर पडद्यांवर पोपट नि धबधबे इतके झगझगीत की डोळे दिपावेत. नवरा खूश झाला. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून विक्रेत्याला म्हटलं, "भैया, ये लगाइए." बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाचा व्हिडिओ होता तो. बाबा भाषणाला उभे राहिले. चेहरा उजळ, मेणासारखा गुळगुळीत. "देखिए, स्किन कितनी साफ आ रही है," विक्रेता अभिमानाने म्हणाला. आई पडद्याजवळ गेली आणि मला म्हणाली, "हे एवढे गोरे कधी होते गं?" विक्रेत्याने सेटिंग बदलून पाहिली, बाबा आधी पिवळे झाले, मग राखाडी. घरी परतून मी तोच व्हिडिओ प्लाझ्मावर लावला. काळेसावळे बाबा कपाळावरच्या घामासकट, गालावरच्या देवीच्या व्रणांसकट समोर उभे राहिले. "हां, आता आले," म्हणत आई सोफ्यावर टेकली. नवरा पडद्याकडे बघत म्हणाला, "चलो, हाच राहू दे." आजही कुणी "अजून हाच डबा?" असं विचारलं, तर मी बिनधास्त सांगते, बंद पडेल त्या दिवशी बघू, तोवर माझ्या घरात बाबांचा रंग बदलणार नाही.