मोज्यातला अंगठा

"मला कशाला दाखवतेस गं व्हिडिओ? त्यात मीच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नियम तुमचाच आहे बाई. बघितल्याशिवाय ऑपरेशनची सही घ्यायची नाही," नवी नर्स हसून म्हणाली आणि तिने पडद्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं.

मोठ्या बाईंची नर्स म्हणून सगळी नोकरी याच वॉर्डात गेली. आता बेंबीजवळ हर्निया झाला होता आणि वर्षभर त्या "बघू, बघू" करत होत्या. आज सुनेने धरूनच आणलं होतं.

"इतक्या जणांना धीर दिलात आई, आणि स्वतःची वेळ आली की मागे सरता?"

"सांगायला माझं काय जात होतं? आडवं त्यांना पडायचं होतं. आणि आले म्हणजे सही करीनच असं धरून चालू नकोस."

व्हिडिओ सुरू झाला. वॉर्डाची जुनी हिरवी भिंत, लोखंडी खाट, काळ्याभोर केसांच्या मोठ्या बाई आणि खाटेवर पेशंट म्हणून त्यांचे यजमान. शूटिंगच्या दिवशी कॅमेरा पाहून सर्जनसाहेबांची वाचाच बसली, म्हणून बोलायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. खरा पेशंट कुणी तयार होईना, तेव्हा डबा द्यायला आलेल्या यजमानांनाच खाटेवर निजवलं. बूट काढले तर मोजा फाटका! अंगठा बाहेर डोकावत होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कॅमेरा चालू होता.

"हे बघा," पडद्यावरच्या बाई सांगत होत्या, "पोटाची भिंत अशी विरते आणि आतडं असं बाहेर येतं. नुसतं आत ढकलून भागत नाही. भोक शिवायचं आणि वरून जाळीचं ठिगळ लावायचं." मग भूल, दुखणं, जखम चिघळण्याची शक्यता, हर्निया पुन्हा होण्याची शक्यता. काही झाकून ठेवलं नव्हतं.

यजमानांना गप्प पडून राहायला बजावलं होतं. पण गप्प बसतील तर ते कसले! "अहो सिस्टर, भूल उतरल्यावर आधी कोण दिसेल?"

"मीच दिसेन. आता पडा गुपचूप."

सगळे हसले होते. ते वाक्य कापायचं होतं, पण पेशंटना तेच आवडायचं, म्हणून राहिलं. तेव्हापासून या वॉर्डात व्हिडिओ संपला की प्रत्येकाला विचारतात, डोळे उघडल्यावर शेजारी कोण हवं?

यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. बाईंनी पदराने चष्मा पुसला. "पुन्हा लाव."

पुन्हा मोजा, पुन्हा अंगठा, पुन्हा तोच आगाऊ प्रश्न. सून तोंडावर हात धरून हसत होती. "बाबा तर अगदी तस्सेच आहेत हो आई!"

"तसेच होते. जन्मभर मोजे रफू केले मी, आणि नेमका तोच जोड घालून आले."

नर्सने हळूच विचारलं, "बाई, काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगा."

"मोजा विरलाय. शिवून ठिगळ लावायचंय. चिघळू शकतं, परत उसवूही शकतं. ठाऊक आहे मला."

"आणि डोळे उघडल्यावर शेजारी कोण हवं?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे चित्र थांबलं होतं, अंगठा तसाच बाहेर. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"हिला बसवा. फक्त बडबड करू नको म्हणावं."

"करणार," सून म्हणाली.

"कर मग," म्हणत बाईंनी पेनासाठी हात पुढे केला.