पानांच्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मला शहाणा म्हणणारा माणूस केळव्यात आजही सापडायचा नाही.

एकोणीसशे पासष्टच्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, बोईसरला नव्या बांधकामावर स्टोअरकीपर. सासुरवाडी केळव्याची. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुंबईचा डॉक्टर महिन्यातून एकदा पालघरला यायचा आणि बाराच्या ठोक्याला उठायचा. तो चुकला की मामांनी आणखी महिनाभर भिंती चाचपत बसायचं.

एस.टी.ची पायरी न दिसून मामा एकदा पडलेले. म्हणून शेजारच्या धाकूची बैलगाडी ठरवली. ती रोज पालघर स्टेशनात विड्याची पानं पोचवायची.

धाकू म्हणाला, "दादा, हे पानांचे बैल हायत. मी येतो बरोबर."

तोंड कायम पानाने रंगलेलं, आणि हा मला वाट दाखवणार? कामावर शंभर मजुरांना ताळ्यावर ठेवतो, दोन बैल काय चीज आहेत, असं त्याला ऐकवलं आणि कासरा हातात घेतला. मामा हळूच म्हणाले, धाकूला घ्या. मी ऐकतोय होय?

पानवेलींच्या पहिल्याच वाडीच्या दारात बैल थांबले. कासरा ओढला, शेपट्या पिरगळल्या, साताऱ्याच्या ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. बैल ढिम्म. तेवढ्यात वाडीतून एक बाई आली आणि न बोलता पानांची टोपली मामांशेजारी ठेवून गेली. टोपली टेकली तसे बैल चालू लागले.

दुसऱ्या वाडीशी तेच. तिसरीशीही तेच. अहो, टोपली चढल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही त्या जनावरांची रोजची शिस्त! पाचव्या वाडीशी मीच हाका मारत होतो, बाई, टाका हो लवकर. मामा टोपल्यांत गळ्यापर्यंत बुडाले होते आणि अजून वाटेतलं माहीम गावसुद्धा आलं नव्हतं.

पालघरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले. दवाखाना डावीकडे, बैल वळले उजवीकडे, थेट स्टेशनाच्या मालधक्क्यावर. मी डोकं धरून खाली बसलो. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि समोर फलाटावरच्या बाकावर, बॅग मांडीवर घेऊन, मुंबईच्या गाडीची वाट बघत कोण बसलं असावं? डॉक्टर! माझ्या मनासारखं दवाखान्याकडे वळलो असतो तर कुलूप बघून परतलो असतो. त्यांनी मामांना तिथेच पानांच्या टोपलीवर बसवलं, बॅटरी मारून डोळे पाहिले आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू म्हणाले.

मग सगळी कथा ऐकून, माझ्याकडे एकवार बघून त्यांनी मामांना बजावलं, "त्या दिवशी सोबत कोणीतरी शहाणं आणा."

मामांनी हात लांब करून बैलाची पाठ थोपटली. "हे दोघे आहेत की. जावईबापूंना घरीच ठेवू."