पर्मनंट आलोय

वडील फौजेत होते. ते घरी आले की हातात पाण्याचा तांब्या देतादेताच आई विचारायची, "किती दिसाची रजा हाय?" उत्तर ऐकून ती मनातल्या मनात सगळा बेत ठरवायची, लाडू कधी वळायचे, कपडे कधी धुवायचे, रडायचं कधी.

निवृत्त होऊन ते लोणंदजवळच्या आमच्या गावी परतले, थोडीफार शेती करू लागले. बरीच वर्षं बरी गेली. मग आईचं विसरणं सुरू झालं. वडील रानातून आले की तिचा तोच प्रश्न, "कवा आलासा? किती दिसाची रजा हाय?" आधी ते चिडायचे. नंतर शहाणे झाले. "पर्मनंट आलोय गं. आता न्हाई जायाचं," म्हणायचे. दिवसातून चार वेळा विचारलं तरी चारही वेळा ती तितकीच हरखायची. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवायचं नाही.

मी सांगलीत इंग्रजी शिकवते. शब्द दिसला की त्याची कुळी काढायची मला वाईट खोड आहे. एका रविवारी गावी गेले होते, तेव्हा वडिलांना ऐकवलं, "हा शब्द लॅटिनमधून आला. 'पर' म्हणजे आरपार, 'मानेरे' म्हणजे राहणं. शेवटापर्यंत राहतं, ते पर्मनंट." आपण लोक उगाच त्याचा अर्थ न बदलणारं एवढाच घेतो, अशी अक्कलही पाजळली.

ते शेंगा फोडत होते. हात थांबले. "म्हंजे मला तिच्याआधी मरता येनार न्हाई," ते म्हणाले. छातीत दुखतं हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या पौषात ते गेले. आईला सांगितलं, तर ती धाय मोकलून रडली. दुसऱ्या दिवशी ते कुठं आहेत म्हणून तिनं विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तितकीच रडली. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. म्हटलं, "ड्यूटीवर गेलेत." त्याची तरी तिला सवय होती.

तिनं दाराकडे बघितलं.

"मला न सांगता?" ती म्हणाली. "असं कवाच गेलं न्हाईत गं त्ये."