दोन डाव्या बाह्या

दवाखान्यातून परतताना कालव्याच्या कडेने दोघी जावा निम्मी वाट चालून आल्या, तरी थोरलीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. एरवी शिलाई मशीनच्या आधी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"ताई, बसायचं का जरा?" धाकटीने विचारलं.

"कशाला? काही दुखत नाही. काहीच होत नाही."

गल्लीच्या तोंडाशी थोरलीचं एका खोलीचं शिवणाचं दुकान. ती कापायची, धाकटी काजं-बटणं करायची. माणूस दारात उभा राहिला की थोरली नुसत्या नजरेने त्याचा खांदा जोखायची. कात्री मात्र कुणाच्या हाती देत नसे. "नवरा मागा, देईन. कात्री नाही," म्हणायची. आत चहा पीत बसलेला तिचा नवरा म्हणायचा, "नवऱ्याला धार नाही ना!"

मग कर्करोग निघाला. केमो झाली, गाठ गेली, केसही परत आले. धाकटीने देवापुढे दिवा लावला. पण थोरलीचं डोकं काही ठिकाणावर येईना. हातात दोऱ्याची बॉबिन धरून बॉबिन शोधायची. बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायची. आणि गेल्या आठवड्यात एका मुलीचा मुलाखतीचा कोट बेतला, तेव्हा दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. एक बाही झाली की नमुना उलटून दुसरी कापायची, हे कालची शिकाऊ पोरही जाणते. ती उलटायचंच विसरली. जादा कापड नव्हतं. मुलगी उसना कोट घालून गेली.

आज डॉक्टरांनी सांगितलं, औषधांचा असा परिणाम मेंदूवर होतो. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. कधी, ते सांगता येत नाही.

गल्लीचं वळण आलं. थोरली सरळ पुढे चालत राहिली.

धाकटीने तिचा दंड धरला. "ताई, दुकान इकडे."

"हो का," थोरली म्हणाली, आणि वळली.

कुलूप काढून तिने कात्री घेतली, चिंधीने पुसली आणि धाकटीच्या हातावर ठेवली. कात्री जड होती. धाकटीने मनात देवाचं नाव घेतलं.

"मला रडू यायला हवं ना गं?"

"आलंच पाहिजे असं थोडंच आहे, ताई."

"उद्यापासून तू काप. मी शेजारी बसून सांगेन."

"तुमची कात्री मी नाही चालवायची."

"ऐक धाकटे. रोज सकाळी मला रद्दीच्या दोन बाह्या कापायला लाव. स्वयंपाकघरातल्या कात्रीने, हिने कागद नाही कापायचा. डावी-उजवी जोडी जुळायला लागली की बघू. तोवर ही मला देऊ नकोस. मी हे बोलणं विसरेन, भांडेन, मोठी जाऊ म्हणून दटावेन, चोरटीसुद्धा म्हणेन. तरी देऊ नकोस."