बर्फाला भिणारा वीर

लेकीला जर्मनीत नोकरी लागली होती आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आचरा गावातल्या घरात आम्ही दोघंच. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो. दोघंही आपले बाजारात आज मासळी कुठली आली यावर बोलत होतो.

अशात शनिवारी दुपारी तिच्या दोन शाळामैत्रिणी आल्या आणि पडवीत कसलासा खेळ मांडला. मांडला तरी कसं म्हणायचं? पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते फासे आणि कागद. आपण मनातला एक माणूस तयार करायचा, त्याच्या तोंडून बोलायचं, राक्षस आला की फासे टाकून लढायचं. चौथा गडी हवा म्हणून मला बसवलं. माझं डोकं तिथेच गरगरायला लागलं.

माणूस घडवायला वीस गुण मिळतात. त्यातून बळ, जादू, काय हवं ते घ्यायचं. आता मी गावच्या देवळात वर्षानुवर्षं गाऱ्हाणं घालणारा. देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी सगळं मागायचं, आणि मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. थोडंच माग, असं गाऱ्हाण्यात कोण सांगतो? मी मागत सुटलो. जादूची तलवार घेतली, पाण्याखाली श्वास घेतला, विषावर उतारा घेतला. उडणं घ्यायच्या आत वीस गुण संपले. लेक म्हणाली, आणखी हवे असतील तर माणसाला एखादा दोष घ्या, त्याचे गुण मिळतात.

हात्तिच्या, एवढंच ना! मी लिहिलं, बर्फाला भितो. आमच्याकडे बर्फ कुठला, तर मासळीच्या पेटीतला. मैत्रिणी हसून बेजार झाल्या, काका भलतेच लबाड म्हणाल्या. तरी उडायला आठ गुण कमीच पडत होते. यादी चाळली. बरोबर आठ गुणांचा एक दोष सापडला, 'आपलं म्हणावं असं कोणी नाही'. यात तोटा कसला? पाठीमागे कोणी नसलं की लढायला सुटसुटीत, असा माझा हिशोब. लिहून टाकलं.

लेकीने कागद वाचला आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. माझं काय चुकलं ते मला कळेना. सगळं नियमात तर बसत होतं.

"बाबा, ह्या तुमी खराच लिवलास, की नुसत्या गुणांसाठी?"

"गुणांसाठी गो," मी म्हटलं. पण म्हणता म्हणता माझं मलाच ते खरं वाटेना, आणि खोटंही वाटेना.

तिने खोडरबर घेतलं, ती ओळ पुसली आणि तिथे लिहिलं, 'एक मुलगी. परदेशात.' मी दोनदा वाचलं. सोमवारचं उत्तर मला असं कळलं.

मग मी विचारलं, "ह्याचे गुण किती?"

"एकय नाय," ती म्हणाली. "ह्यो दोष नाय, बाबा."

आठ गुण परत द्यावे लागले. उडणं गेलं. माझा माणूस पहिल्याच लढाईत मेला आणि मी भर पडवीत हमसून हमसून रडलो. मैत्रिणी बिचाऱ्या गोंधळल्या आणि माझी समजूत घालत राहिल्या, की काका, रडू नकात, दुसरो माणूस करूया.